केसपेपरच्या खिडकीवरची रांग कशी मोजावी आणि कशी कमी करावी

सरकारी रुग्णालयात डॉक्टरांकडे जाण्याआधी केसपेपर काढावा लागतो. समजा, खिडकीवरच्या लिपिकाला एका केसपेपरला सरासरी २ मिनिटं लागतात. म्हणजे तासाला ३० केसपेपर निघू शकतात. येणारी माणसं तासाला २७. हिशेबाने रांग लागायलाच नको, तरी ती लागते. लिपिक आळशी आहे असं लोक म्हणतात, मनुष्यबळ कमी आहे असं कार्यालय म्हणतं, आणि दोन्ही बऱ्याचदा चूक असतं.

रांग किती लांबणार हे मुख्यतः दोन आकड्यांवर ठरतं. पहिला आगमन दर: तासाला किती माणसं रांगेत येऊन उभी राहतात. दुसरा सेवा दर: समोर सतत माणूस असेल तर खिडकी तासाला किती जणांना मोकळं करते. पुस्तकांत यांना लॅम्डा आणि म्यू म्हणतात. आगमन दराला सेवा दराने भागलं की मिळतो भार. वरच्या उदाहरणात २७ ÷ ३० = ०.९. हे गणित कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एर्लांग यांनी १९०९ मध्ये फोन कॉलसाठी मांडायला सुरुवात केली. एक्स्चेंजमधल्या लाइनी आणि ओपीडीतली खिडकी यांचं गणित मुळात एकच आहे.

खालची उदाहरणं हिशेब समजावा म्हणून घेतलेली आहेत. तुमच्या खिडकीचे आकडे तुम्हीच मोजायचे, आणि सगळं काम त्या मोजणीवर उभं आहे, म्हणून आधी तेच.

आगमन कसं मोजायचं

रांगेच्या शेपटाशी एक माणूस कागद-पेन घेऊन बसवा. दर पाच मिनिटांचा एक रकाना. नवा पेशंट रांगेत उभा राहिला की एक रेघ. सोबतचे नातेवाईक धरायचे नाहीत; एका माणसाच्या हातात तीन जणांचे कागद असतील तर तीन रेघा, आणि त्यांच्याभोवती गोल, कारण ते एकदम आले हे पुढे उपयोगी पडतं. रांग बघून कोणी परत गेलं तर वेगळ्या रकान्यात फुली.

रजिस्टरवरून किंवा संगणकातल्या नोंदींवरून आगमन दर काढू नका. तिथे दिसते ती केसपेपर निघाल्याची वेळ. सकाळभर रांग असेल तर निघालेल्या केसपेपरांचा वेग हा खिडकीचा वेग असतो, येणाऱ्यांचा नाही. तासाला ४० येत असोत की ६०, रजिस्टर ३० च दाखवणार. आणि कंटाळून परत गेलेल्या माणसाची नोंद तर कुठेच राहत नाही.

दिवसाची एकच सरासरी काढू नका. प्रत्येक तास वेगळा ठेवा. सोमवार, सुट्टीनंतरचा दिवस आणि ग्रामीण रुग्णालय असेल तर आठवडी बाजाराचा दिवस, यांची मोजणी बाकीच्या दिवसांत मिसळू नका.

एका तासाचे बारा रकाने समजा असे आले: २, १, ४, ०, ३, २, १, ३, २, ५, ०, १. बेरीज २४, सरासरी २. आता प्रत्येक आकड्याचा सरासरीपासूनचा फरक काढा, वर्ग करा, बेरीज करा (२६ येते) आणि ११ ने भागा. उत्तर २.३६. याला प्रसरण म्हणतात. प्रसरण सरासरीच्या आसपास असेल तर माणसं एकमेकांशी संबंध न ठेवता, आपापल्या वेळेला येत आहेत असं धरायला हरकत नाही, आणि खालची सूत्रं चालतात. प्रसरण सरासरीच्या तिप्पट-चौपट आलं तर बहुतेक एसटी थांब्यावर उतरून घोळक्याने लोक येत आहेत. तेव्हा रांग सूत्रापेक्षा लांब असेल. मात्र ही तपासणी ज्या तासात गर्दीचा वेग साधारण एकसारखा आहे त्या तासावरच करा. गर्दी चढत असताना केली तर प्रसरण उगाच मोठं दिसतं.

सेवेचा वेळ कसा मोजायचा

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. लिपिकाच्या मागे उभं राहून टायपिंगचा वेळ मोजला तर तो सव्वा मिनिट भरेल. पण त्याआधी म्हातारा पेशंट दोन पावलं पुढे येतो, पिशवीतून आधार कार्ड शोधतो, मोबाइल नंबर आठवत नाही म्हणून मुलाला हाक मारतो. छापील कागद बाहेर यायला दहा सेकंद, तो फाडून हातात द्यायला पाच. हे सगळं खिडकीचंच वेळापत्रक खातं.

म्हणून मोजायची ती एकच गोष्ट: पेशंट खिडकी सोडून बाजूला होतो ती वेळ, सेकंदासकट. मागे किमान एक माणूस उभा असेल तेव्हाच्या लागोपाठच्या दोन वेळांमधलं अंतर म्हणजे सेवेचा वेळ. मधे खिडकी रिकामी पडली असेल तर ते अंतर सोडून द्या. "चार तासांत ९६ केसपेपर निघाले, म्हणजे सेवा दर तासाला २४" हा हिशेब चुकीचा आहे; त्यात रिकामी मिनिटंही सेवेत धरली गेली.

किती नोंदी घ्याव्या? सेवेच्या वेळेतला चढउतार सरासरीइतकाच असेल तर १०० नोंदींवरून काढलेल्या सरासरीत वीस टक्क्यांपर्यंत चूक असू शकते, ४०० नोंदींत दहा टक्क्यांपर्यंत. भार ०.५ असेल तर वीस टक्क्यांनी फार बिघडत नाही. भार ०.९ असताना हीच चूक असली तर तो खरंच ०.९ आहे की १ च्या वर गेलाय, हेही सांगता येणार नाही. गर्दीच्या खिडकीवर मोजणीत कंजूषी करू नका. चार-पाच सकाळी लागतील, लागू देत.

सगळे वेळ एक्सेलमध्ये टाकून सरासरी आणि प्रमाण विचलन (वेळ सरासरीपासून साधारण किती दूर पसरतात तो आकडा) काढा. विचलनाला सरासरीने भागून आलेला आकडा जपून ठेवा. त्याला चढउताराचा गुणांक म्हणू.

भार वाढला की काय होतं

एक खिडकी, आपापल्या वेळेला येणारे लोक, आणि सेवेच्या वेळेत बराच चढउतार (गुणांक १ च्या जवळ), अशा स्थितीत रांगेत उभं राहण्याचा सरासरी वेळ असा निघतो:

प्रतीक्षा = सेवेचा सरासरी वेळ × भार ÷ (१ − भार)

सेवेचा वेळ २ मिनिटं धरून:

तासाला १५ जण, भार ०.५: प्रतीक्षा २ मिनिटं
तासाला २४ जण, भार ०.८: ८ मिनिटं
तासाला २७ जण, भार ०.९: १८ मिनिटं
तासाला २८.५ जण, भार ०.९५: ३८ मिनिटं

२४ वरून २७ म्हणजे तासाला फक्त तीन माणसं वाढली आणि प्रतीक्षा दुपटीच्या वर गेली. पुढच्या दीड माणसाने ती पुन्हा दुप्पट केली. याचं कारण साधं आहे. खिडकी रिकामी बसलेली मिनिटं साठवून ठेवता येत नाहीत. पाच मिनिटं कोणी आलं नाही आणि मग पाच जण एकदम आले, तर आधीची पाच मिनिटं वाया गेली ती गेलीच. भार कमी असेल तर असा गठ्ठा फोडायला पुढे भरपूर मोकळा वेळ मिळतो. भार ०.९५ असेल तर तासातली जेमतेम तीन मिनिटं मोकळी, आणि एक गठ्ठा फुटायच्या आत दुसरा येऊन पडतो. लोक अगदी घड्याळ लावून दर अडीच मिनिटांनी आले असते आणि प्रत्येकाला बरोबर २ मिनिटं लागली असती, तर रांग लागलीच नसती.

एक खबरदारी. भार ०.९ च्या वर गेला की सूत्रातला आकडा ही फार लांब पल्ल्याची सरासरी असते. चार तासांच्या ओपीडीत तो जसाच्या तसा दिसणार नाही: एका दिवशी रांग तुरळक, दुसऱ्या दिवशी दाराबाहेर. "काल तर काहीच गर्दी नव्हती" यावरून निष्कर्ष काढू नका.

सरासरीवरही समाधान मानू नका. २४ जण, भार ०.८, सरासरी प्रतीक्षा ८ मिनिटं. पण याच खिडकीवर दर दहा जणांतल्या साधारण एकाला २० मिनिटांहून जास्त उभं राहावं लागतं. तापाने फणफणलेल्या माणसाला सरासरीचा उपयोग नसतो. सूत्र असं: अमुक वेळेहून जास्त थांबण्याची शक्यता = भार × ई चा (ई म्हणजे गणितातला ठरलेला आकडा, सुमारे २.७१८) उणे घात, आणि घात म्हणजे (सेवा दर − आगमन दर) × वेळ. वेळ तासांत धरायचा, कारण दर तासाचे आहेत. मिनिटं आणि तास यांची सरमिसळ ही या हिशेबातली नेहमीची चूक आहे.

बारा सेकंदांचं मोल

आता उलट दिशेने बघा. २७ जण, सेवा २ मिनिटं, प्रतीक्षा १८ मिनिटं. सेवेचा वेळ १२ सेकंदांनी कमी केला, म्हणजे १.८ मिनिटं. भार ०.८१ झाला. प्रतीक्षा = १.८ × ०.८१ ÷ ०.१९ = सुमारे ७.७ मिनिटं. खिडकीवर १२ सेकंद वाचले आणि रांगेत दहा मिनिटांहून जास्त वाचली. नवी पदं मागण्याआधी हे बारा सेकंद शोधले पाहिजेत, असं आमचं ठाम मत आहे. ते जवळपास प्रत्येक खिडकीवर सापडतात.

ते असतात इथे: रांगेतच एका मदतनिसाने जुना केसपेपर आहे का, मोबाइल नंबर पाठ आहे का, आधार हातात आहे का हे विचारून घेणं. नाव-गाव-वय लिहायची चिठ्ठी रांगेत भरून घेणं. प्रिंटर लिपिकाच्या हाताच्या अंतरावर ठेवणं. जिथे शुल्क आहे तिथे सुट्या पैशांचा डबा सकाळीच भरून ठेवणं. पुढचा पेशंट खिडकीपासून दोन मीटरवर नाही तर अगदी लगत, बाजूला उभा करणं. आयुष्मान भारत डिजिटल मिशनची २०२२ पासूनची 'स्कॅन अँड शेअर' सोय याच जागी काम करते: पेशंटने क्यूआर कोड स्कॅन केला की त्याची माहिती टाइप न करता खिडकीवर पोचते. मात्र ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याला मदत करायला माणूस ठेवला नाही, तर तेच काम पुन्हा खिडकीवर येतं.

सरासरी तीच ठेवून नुसता चढउतार कमी केला तरी रांग आखडते. वरच्या सूत्राला (१ + गुणांकाचा वर्ग) ÷ २ ने गुणा. हे पोलाचेक आणि खिंचिन यांचं सूत्र. भार ०.९, सेवा २ मिनिटं धरा. गुणांक १ असताना १८ मिनिटं, ०.५ असताना सव्वाअकरा, आणि गुणांक २ असताना ४५ मिनिटं. गुणांक २ कशाने होतो? बहुतेकांना दीड मिनिट आणि मधेच एखाद्याला अर्धा तास लागला की. नाव चुकलंय ते दुरुस्त करा, योजनेचं कार्ड तपासा, दोन वर्षांपूर्वीचा नंबर शोधा. ही कामं खिडकीवर करूच नका. असा पेशंट आला की त्याला शेजारच्या टेबलावर बसवा आणि रांग चालू ठेवा. शंभरात दोन-तीनच असे निघतात, पण बाकीच्या सगळ्यांचा वेळ तेच खातात.

दोन खिडक्या असतील तर

तासाला ५४ जण, दोन खिडक्या, दोन वेगळ्या रांगा. लोक निम्मे-निम्मे विभागले आणि रांग बदलणं शक्य नसलं, तर प्रत्येक खिडकीचा भार ०.९ आणि प्रतीक्षा १८ मिनिटं. आता एकच रांग करा, जी खिडकी मोकळी होईल तिथे पहिला माणूस जाईल. प्रतीक्षा = सेवेचा वेळ × भाराचा वर्ग ÷ (१ − भाराचा वर्ग) = २ × ०.८१ ÷ ०.१९, म्हणजे साडेआठ मिनिटं. एक रुपयाही खर्च नाही. दोऱ्या बांधायच्या आणि टोकाला एक माणूस उभा करायचा. एकत्र रांग लांब दिसते म्हणून लोक सुरुवातीला कुरकुर करतात. ती किती भरभर सरकते हे दिसलं की थांबतात.

'नवीन' आणि 'जुने' अशा वेगळ्या खिडक्या करण्याचा मोह फार होतो. हिशेब केल्याशिवाय करू नका. समजा निम्मे नवीन, त्यांना ३ मिनिटं. निम्मे जुने, त्यांना १ मिनिट. सरासरी २ च. तासाला २७ नवीन × ३ = ८१ मिनिटांचं काम, आणि खिडकीकडे मिनिटं ६०. भार १.३५, म्हणजे ती रांग तासागणिक वाढतच जाणार. शेजारची 'जुने' खिडकी मात्र निम्म्याहून जास्त वेळ रिकामी. स्त्री-पुरुष वेगळ्या खिडक्यांचंही हेच: दोन्हीकडचा भार मोजून बघा.

ज्येष्ठ, दिव्यांग आणि गरोदर यांना पुढे घ्यायला मात्र कचरू नका. त्याने एकूण सरासरी बदलत नाही, फक्त वाटणी बदलते. एका खिडकीवर तासाला येणाऱ्या २४ पैकी ६ जणांना प्राधान्य दिलं, तर त्यांची प्रतीक्षा ८ वरून २ मिनिटांवर येते आणि बाकीच्या अठरा जणांची ८ वरून १० वर जाते. दोन मिनिटांच्या बदल्यात एवढा दिलासा मिळत असेल तर तो द्यावाच. प्राधान्याचा वाटा निम्म्यावर गेला की मात्र बाकीच्यांची प्रतीक्षा तेरा मिनिटांच्या वर जाते.

सकाळची गर्दी: इथे सूत्रं बाजूला ठेवा

आगमन दर सेवा दरापेक्षा जास्त असेल तर वरचं एकही सूत्र लागू नाही. तेव्हा सरळ जमा-खर्च मांडायचा. खिडकी ८:३० ला उघडते, तोवर दारात ४० माणसं आहेत. पुढच्या तासात ३६ येतात, ३० जातात. ९:३० ला रांग ४६. तेव्हा आलेल्या माणसाला ४६ × २ = ९२ मिनिटं उभं राहायचंय. नंतर तासाला १८ च येतात, म्हणजे रांग तासाला १२ ने घटते. १२:३० ला नोंदणी बंद होते तेव्हाही दहा जण उभेच. साडेनऊनंतरचा भार फक्त ०.६ असूनही रांग सकाळभर तुटली नाही.

आता ८:३० लाच दुसरी खिडकी उघडा. पहिल्या तासात ६० जातात, ३६ येतात. ९:३० ला रांग १६. त्या क्षणी आलेल्या माणसाला १६ मिनिटं. पुढे तासाला ४२ ने घट, म्हणजे सुमारे २३ मिनिटांत, ९:५३ च्या सुमाराला रांग संपली. दुसरा लिपिक दीड तासही लागला नाही. तोच लिपिक ११ ते १२:३० बसवला असता तर साचलेली रांग आधीचे अडीच तास तशीच चालली असती. साडेआठला आस्थापना, भांडार किंवा लेखा विभागातल्या एका माणसाला दीड तास खिडकीवर बसवणं बहुतेक रुग्णालयांत जमण्यासारखं असतं. तेही नसेल तर खिडकी आठला उघडा. दारातली रांग तेवढीच कमी.

रोजची तपासणी

बदल केल्यावर रोज स्टॉपवॉच घेऊन बसायची गरज नाही. दर पंधरा मिनिटांनी रांगेतली डोकी मोजा आणि सकाळभराची सरासरी काढा. तिला आगमन दराने भागलं की सरासरी प्रतीक्षा मिळते. तासाला २४ जण, रांगेत सरासरी ३.२ माणसं, तर ३.२ ÷ २४ तास = ८ मिनिटं. १९६१ मध्ये जॉन लिटल यांनी सिद्ध केलेला हा नियम आगमन कसंही असो, खिडक्या कितीही असोत, लागू पडतो. सुरुवातीची आणि शेवटची रांग मात्र रिकामी असावी, नाहीतर उत्तर थोडं सरकतं.

बाकांचा हिशेब वेगळा, तो सरासरीवर करू नका. एका खिडकीला भार ०.८ असेल तर खिडकीवरचा धरून दहा किंवा जास्त माणसं असण्याची शक्यता ०.८ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ११ टक्के. भार ०.९ झाला की तेवढ्याच खात्रीसाठी बावीस माणसांची सोय लागते.

खिडकी वेगवान झाली की रांग डॉक्टरांच्या दाराशी सरकते, हे आधीच गृहीत धरा. एका डॉक्टरला पेशंटमागे ५ मिनिटं लागत असतील तर तासाला १२. तासाला ५४ केसपेपर निघणार असतील तर चार डॉक्टर पुरत नाहीत. पाचांवर भार बरोबर ०.९ येतो. दोन्ही ठिकाणची मोजणी एकाच आठवड्यात करा. आणि बदलानंतर महिन्याभराने आगमन दर पुन्हा मोजा, कारण रांग कमी झाल्याचं कळलं की पूर्वी परत जाणारे लोक थांबायला लागतात, आणि पहिल्या मोजणीतल्या फुल्या आता रेघा झालेल्या असतात.